वायोमिंगमधलं जुनं सलून, एक गुरुवार आणि माझा आगाऊ प्रश्न

उनाडपाय (धागाकर्ता)

मंडळी, गोष्ट गेल्या जुलैतली आहे, पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून इथं टाकतो. प्रश्न शेवटी आहे. घाई असेल त्यांनी थेट खाली उडी मारावी.

मी, बायको आणि माझे बाबा गाडीने रॅपिड सिटीहून यलोस्टोनकडे निघालो होतो. बाबा ७१ वर्षांचे, वाईजवळच्या गावात राहतात, भजनी मंडळात पखवाज वाजवतात. अमेरिकेत पहिल्यांदाच आले होते. वाटेत डेव्हिल्स टॉवर हा खडकाचा सुळका झाला. यलोस्टोनजवळच्या कोडी गावातल्या खोल्यांचे जुलैमधले दर ऐकून पोटात गोळा आला, म्हणून अलीकडेच बफेलो नावाच्या गावात मुक्काम टाकला. बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याला साडेचार हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव. मोटेल चालवणारे काका मूळचे नवसारीकडचे निघाले. चहा पाजला आणि म्हणाले, "आज गुरुवार ना? मग ऑक्सिडेंटलमध्ये जा. गाणंबजावणं असतं. मी कधी गेलो नाही, पण लोक खूश होऊन परत येतात."

ऑक्सिडेंटल हे १८८० सालचं हॉटेल. मेन स्ट्रीटवरच आहे, शेजारून क्लिअर क्रीक नावाचा ओढा खळाळत जातो. हॉटेलाच्या पोटातच सलून. आत शिरल्यावर नजर आधी छताकडे गेली. नक्षीचे ठसे उठवलेला पत्रा, आणि त्यात भोकं. बंदुकीच्या गोळ्यांची, असं सांगतात. बारच्या मागं भिंतभर लाकडी कपाट, आरसे, रंगीत काचा. भिंतींवर हरणांची आणि एल्कची मुंडकी. बाबा एका मुंडक्याखाली बसायलाच तयार होईनात. "वरनं बघतंय ते," म्हणाले. मग कोपऱ्यातल्या टेबलावर जागा मिळाली, जिथं एक हॅटवाले आजोबा आधीच बसले होते.

मध्ये दहाबारा जण गोल करून ब्लूग्रास, म्हणजे तिकडचं तारवाद्यांचं संगीत, वाजवत होते. बँजो, मँडोलिन, फिडल, दोनतीन गिटारी, आणि वाजवणाऱ्या माणसापेक्षा उंच असा उभा बास. स्टेज नाही, माईक नाही. सगळं आपल्या देवळातल्या भजनासारखं.

बाबांनी आजोबांना पहिला प्रश्न काय विचारावा? "यंदा पाऊस कसा आहे?" मी भाषांतर केलं. आजोबांनी खुर्ची वळवून घेतली. पाऊस, गवताची पहिली कापणी, गेल्या हिवाळ्यातला बर्फ, बाबांच्या दोन गाई, विकावी लागलेली बैलजोडी, हे सगळं माझ्यामार्फत पाऊण तास चाललं. माझी बिअर गरम झाली.

मग मला वाटलं, आपणही काहीतरी विचारावं. विचारलं, "तुमच्याकडे गुरं किती आहेत?"

आजोबांनी ग्लास खाली ठेवला. शेजारच्या टेबलावरचा माणूस गालातल्या गालात हसला. आजोबा शांतपणे म्हणाले, "काल संध्याकाळी होती तेवढीच असावीत." आणि वाजवणाऱ्यांकडे तोंड करून बसले.

आता प्रश्न. एक, माझं चुकलं काय? दोन, अशा गावच्या अड्ड्यावर आपण जावं का? तिथल्या लोकांचा तो रोजचा ओटा, आणि आपण आपले छताची भोकं मोजायला येणारे. तुमचे अनुभव सांगा.

कटिंग_चहा

शीर्षक वाचून वाटलं, वायोमिंगमध्ये दाढी-कटिंग कितीला पडते याचा धागा आहे. 😄

उनाडपाय (धागाकर्ता)

@कटिंग_चहा, बाहेरची पाटी वाचून बाबाही हेच म्हणाले, "संध्याकाळी सात वाजता कोण केस कापतं?"

डेन्वरची_सून

अहो, तुम्ही त्यांना चारचौघांत बँक बॅलन्स विचारलात!

मी इकडे १९ वर्षं आहे. नवऱ्याच्या मित्राच्या घरचं रँच आहे, तिथं पहिल्याच भेटीत मी हेच केलं होतं. त्याच्या आईनं हसून विषय बदलला, आणि घरी परतताना नवऱ्यानं गाडीत माझी शाळा घेतली. गुरांचा आकडा कळला की त्याला बाजारभावानं गुणलं, झाला हिशोब. जमीन किती एकर, हाही तसलाच प्रश्न. पगार विचारण्यासारखं आहे हे.

विचारायचं काय, तर तुमच्या बाबांनी विचारलं तेच. पाऊस, गवत, हिवाळा कसा गेला, वासरं कशी झाली. गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नेता का, हेही चालतं. बिगहॉर्नच्या सरकारी जंगलात चराईचे परवाने असतात, त्यावर ही माणसं तासभर बोलतात आणि निम्मा वेळ सरकारला शिव्या घालतात.

आजोबांचं उत्तर मात्र फर्मास. रागावले नव्हते, खात्रीनं सांगते. रागावले असते तर उठून गेले असते.

माळरान

आमच्या सांगोल्याकडं उलटं हाय बघा. पावणा टेकला की पहिला प्रश्न, "बागायत किती?" दुसरा, "हिरीला पानी हाय का?" पोरगी द्यायची असंल तर सातबारा बघूनच चहा पित्यात.

पर एक हाय. आमची आजी कोंबडीची पिल्लं कुणाला मोजू देत नव्हती. मी बोट करून एक, दोन करायला लागलो की हातावर फटका. "मोजू नगं, दिष्ट लागती." त्या आजोबाची आन् माझ्या आजीची जात एकच दिसतीय.

तिरसट_काका

सगळे भारावून गेले आहेत म्हणून थोडं थंड पाणी.

पश्चिम अमेरिकेतल्या झाडून सगळ्या 'ऐतिहासिक' सलूनांच्या छतात गोळ्यांची भोकं असतात, आणि प्रत्येक ठिकाणी बुच कॅसिडी येऊन गेलेला असतो. त्या माणसानं इतक्या ठिकाणी दारू ढोसली असेल तर दरोडे कधी घातले? तुमच्या पुढच्या मुक्कामी, कोडीत, बफेलो बिलचं (काउबॉयांचे खेळ करणारा प्रसिद्ध माणूस) इर्मा हॉटेल आहे. तिथला चेरीच्या लाकडाचा बार खुद्द व्हिक्टोरिया राणीनं भेट दिला असं सांगतात. राणी वारली जानेवारी १९०१ मध्ये. हॉटेल उघडलं नोव्हेंबर १९०२ मध्ये. बार आला असेलही, पण बाईंची हौस दांडगी म्हणायची.

आणि ते संगीत. ब्लूग्रास हा प्रकार काउबॉयांच्या काळातला नाही, तिथलाही नाही. बिल मन्रो नावाच्या केंटकीच्या माणसानं १९४० च्या दशकात तो घडवला. म्हणजे १८८० साली सुरू झालेल्या हॉटेलात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराचं, हजारएक मैल लांबचं संगीत. वाड्यात लावणी ठेवून 'पेशवाईतली संध्याकाळ' म्हणून तिकीट लावण्यातला प्रकार. त्या गर्दीतही निम्मे तुमच्यासारखे पर्यटकच असणार.

उनाडपाय (धागाकर्ता)

काका, तिकीट नव्हतं हो. 🙂

पर्यटक होते हे खरं. पण बाहेर उभ्या गाड्यांच्या पाट्या मी बघितल्या होत्या. वायोमिंगच्या पाटीवर सुरुवातीचा आकडा काउंटीचा असतो, आपल्या एमएच ११ सारखा. जॉन्सन काउंटीचा १६. वीसेक गाड्यांत १६ वाल्या बऱ्याच होत्या. हे कळलं तेही आजोबांकडूनच, माझ्या आगाऊ प्रश्नाच्या आधी. ते म्हणाले होते, "कोण आलंय हे बघायला मला आत यावं लागत नाही."

बखरकार

धागा माझ्या आवडत्या विषयावर आलाय, त्यामुळे जरा लांबण लावतो. गुरं मोजण्यावरून या बफेलो गावात एकदा अक्षरशः लढाई झाली आहे.

१८८० च्या आसपास तिथं कुंपणं नव्हती. गवत सरकारी जमिनीवरचं, ज्याची गुरं तो चारणार. इंग्लंड-स्कॉटलंडातल्या लोकांनीही या धंद्यात भरपूर पैसा ओतला. मौज म्हणजे कळपच्या कळप विकले जायचे ते वहीतल्या आकड्यावर. इतक्या गाई होत्या, इतकी वासरं झाली असतील, इतकी मेली असतील, की झाली बेरीज. प्रत्यक्ष रानात जाऊन कोण मोजतो? मग १८८६-८७ चा हिवाळा आला. बर्फ, त्यावर गोठलेला थर, खाली गवत असून जनावराला खाता येईना. वसंतात ओढ्यांतून मेलेली गुरं निघाली आणि वहीतले आकडे उघडे पडले. शायॅन या वायोमिंगच्या राजधानीतल्या एका सलूनवाल्याचं वाक्य त्या काळातलं म्हणून सांगतात. गुरांचे मालक तोंडं पाडून बसलेले बघून तो म्हणाला, "काळजी कशाला करता? काही झालं तरी वह्या गोठत नाहीत."

त्याच्या आधी, १८८४ मध्ये, बड्या मालकांनी कायदा करून घेतला होता. मालकीचा डाग न दिलेलं, म्हणजे बेवारशी वासरू सापडलं तर ते त्यांच्या संघटनेचं. हिवाळ्यानं कंपन्या बुडाल्या, कामावरून काढलेल्या गड्यांनी स्वतःची चार-चार गुरं घेऊन छोटी घरं मांडली, आणि बड्यांनी या सगळ्यांना सरसकट गुरंचोर ठरवलं.

एप्रिल १८९२ मध्ये शायॅनहून खास रेल्वेगाडी सुटली. आत पन्नासच्या आसपास हत्यारबंद माणसं, त्यातली वीसेक टेक्सासहून भाड्यानं आणलेली, खिशात मारायच्या लोकांची यादी. बफेलोवर चाल करून जायचा बेत होता. वाटेत केसी रँचवर नेट चँपियन आणि निक रे या दोघांना ९ एप्रिलला गाठलं. रे आधी पडला. चँपियन दिवसभर एकटा खोपटातून लढला, आणि मधल्या वेळात छोट्या वहीत काय चाललंय ते लिहीत राहिला. शेवटी खोपटाला आग लावली, बाहेर पळताना त्याला मारला. पण त्या एका दिवसात बातमी बफेलोला पोचली. शेरीफ रेड अँगस आणि दोनशेहून जास्त गावकरी निघाले आणि त्यांनी उलट या चाल करून येणाऱ्यांनाच टीए रँचवर कोंडलं. गावापासून वीसेक किलोमीटरवर. मग वरपर्यंत तारा गेल्या, राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी घोडदळ पाठवलं आणि १३ एप्रिलला त्या बड्यांची सुटका झाली. शिक्षा? कुणालाही नाही. खटल्याचा आणि कैद्यांना पोसायचा खर्च काउंटीला झेपेना, साक्षीदार मिळेनात, १८९३ च्या जानेवारीत खटला बारगळला.

आता एवढ्यामुळे आजोबांनी आकडा सांगितला नाही असं मी म्हणत नाही. डेन्वरची_सून यांचं बँक बॅलन्सचं कारण पुरेसं आहे. पण ज्या गावात 'हे वासरू कुणाचं' यावरून माणसं मेली, तिथं अनोळखी माणसानं आकडा विचारला की ग्लास खाली ठेवला जाणारच.

तिरसट_काका

'वह्या गोठत नाहीत' हे भारी आहे. आमच्या जुन्या हापिसात भिंतीवर लावायला हवं होतं.

तरीही ब्लूग्रासबद्दलचं माझं म्हणणं कायम.

कानसेन

काका, तुमचं सन बरोबर, पण निष्कर्ष घाईचा. पंढरीच्या वाटेवर हार्मोनियम वाजते ती काय ज्ञानेश्वरांच्या काळातली आहे? लोक जमून वाजवतात, म्हणून ते तिथलं झालं.

उनाडपाय, मला मुंडक्यांत आणि मारामाऱ्यांत रस नाही. पखवाज वाजवणारा माणूस तिथं स्वस्थ बसला? खरं सांगा. ब्लूग्रासमध्ये तालवाद्य मुळात नसतं. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो, आणि मँडोलिनवाला तारा दाबून दुसरी-चौथी मात्रा 'चक्' अशी तोडतो. तोच त्यांचा ताशा.

मिरची_भजी

अवांतर: खाल्लं काय? सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत, जूनमध्ये याच रस्त्यानं जायचंय. त्या राज्यात गवतसुद्धा गाईंसाठी राखीव असावं असं वाटतंय.

पुरणपोळी_विथ_केचप

@मिरची_भजी, फ्राईज, ग्रिल्ड चीज, सॅलड, पुन्हा फ्राईज. मेतकूट आणि थर्मासमधला भात सोबत ठेवा.

आणि एक धोक्याची सूचना. मेन्यूत 'रॉकी माउंटन ऑयस्टर' दिसले तर समुद्रापासून दीड हजार किलोमीटरवर शिंपले कुठून आले हा प्रश्न स्वतःला विचारा. आमच्या ह्यांनी विचारला नाही. कोकणातला माणूस, कालवं म्हटल्यावर डोळे चमकले. कुरकुरीत तळलेले, सॉससोबत आले, अर्धी बशी संपली, 'मऊ आहेत गं' असा अभिप्रायही आला. मग वाढणाऱ्या मुलीनं सांगितलं की वासरांना खच्ची करताना जे काढतात ते हे. हे आजही कालवं खाताना एक क्षण थांबतात.

कटिंग_चहा

😂😂 हसून हसून पुरेवाट. 'मऊ आहेत गं'!!

काजूबोंड

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, पलीकडच्या बाजूनं सांगतो. आमच्या गावात (बार्देश) ताव्हेर्न होतं, माझ्या मामाचंच. चार बाकडी, एक कपाट, क्रॉसखाली दिवा. मार्च ते मे उर्राकचे, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचे दिवस. संध्याकाळी नारळ पाडणारे पाडेली, शेतकामावरचे, एक निवृत्त मास्तर, ठरलेली माणसं ठरलेल्या बाकड्यावर. बाहेरचा कुणी आत आला की बोलणं बंद. मग कुणीतरी विचारणार, "खंयचो रे तूं?" यावर जो 'मुंबई' म्हणून मोबाईल काढून फोटो घ्यायला लागायचा त्याला उर्राक मिळायचा, गप्पा मिळायच्या नाहीत. जो बसून शेंगदाणे खात आधी ऐकायचा, त्याला तासाभरात मास्तर पोर्तुगीजांच्या काळातल्या गोष्टी सांगायला लागायचे. फुकट. कधी कधी थांबवायची वेळ यायची.

मामा गेला, ताव्हेर्न बंद झालं. आता तिथं मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बाटल्या झकपक झाल्या. बाकडी कुठं गेली ठाऊक नाही. म्हणून म्हणतो, अमेरिकेतल्यांनी ते सलून चालू ठेवलंय तर काकांनी भोकं खरी का खोटी यावर फार रागावू नये.

प्रवासी_पाखरू

सगळे गोड अनुभव येतायत म्हणून एक कडू. आम्ही चौघं, दुसऱ्या एका राज्यातल्या असल्याच गावात (नाव नको), असल्याच जुन्या बारमध्ये गेलो. पंचवीस मिनिटं बसलो. कुणी आलं नाही. आमच्या नंतर आलेल्यांच्या हातात ग्लास आले. एकानं वळून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा पाठ केली. आम्ही उठलो आणि पेट्रोलपंपावरचे चिप्स खाल्ले. त्यानंतर मी अशा जागी पाऊल ठेवलेलं नाही. 'गावकऱ्यांसोबत संध्याकाळ' ही ज्याला त्याला मिळतेच असं नाही.

डेन्वरची_सून

@प्रवासी_पाखरू, वाईट वाटलं वाचून. बऱ्याच ठिकाणी टेबलावर कुणी येत नाही, काउंटरवर जाऊन मागावं लागतं, हे एक कारण असू शकतं.

एकटी_भटकी

असू शकतं, ताई, पण पाठ फिरवणारा माणूस काउंटरच्या पद्धतीमुळे पाठ फिरवत नाही. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत असू शकतात. मी एकटी फिरते, त्यामुळे दारातच अंदाज घेते. आत एक तरी बाई गिऱ्हाईक म्हणून बसलेली दिसली तर जाते. नाही तर कॉफी बरी.

गंमत बघा, वायोमिंगनं बायकांना मताचा हक्क दिला १८६९ मध्ये, जगाच्या कितीतरी आधी. पण मत देऊन आलेली बाई सलूनच्या दारातून आत गेली असती तर गाव बोलत राहिलं असतं. आता मी बिनदिक्कत जाऊन रूट बिअर मागते (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्यात दारू नसते, आयोडेक्ससारखा वास असतो आणि सवय लागते).

माझं आवडतं ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटचं पॅलेस. जुलै १९०० मध्ये तिथं सलूनांची अख्खी रांग जळाली. आग जवळ येतेय म्हटल्यावर गिऱ्हाइकांनी तो अवजड लाकडी बार उचलून समोरच्या कोर्टाच्या मैदानात नेला, आणि तिथं उघड्यावर दारू प्यायचं काम पुढं चालू ठेवलं असं सांगतात. वर्षभरात सलून पुन्हा बांधलं, बार पुन्हा आत. मी त्या लाकडावर कोपर टेकून बसले होते. शेजारच्या आजी निवृत्त शाळामास्तरीण होत्या. त्यांनी मला अडीच तास त्यांच्या तिसऱ्या नवऱ्याबद्दल सांगितलं. इतिहास तेवढा बाजूलाच राहिला.

प्रवासी_पाखरू

@एकटी_भटकी, धन्यवाद. एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

माळरान

बखरकार सायेब, गुरंवाल्यांचं सांगितलंत, मेंढरंवाल्यांचं काय झालं तिकडं? कुटंतरी वाचलेलं की बफेलोत बास्क मेंढपाळ आले हुते.

बखरकार

बरोबर वाचलंत. फ्रान्सच्या बाजूचे बास्क मेंढपाळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथं आले, त्यांची आडनावं आजही गावात आहेत. पण गुरंवाले आणि मेंढरंवाले यांचं विळ्याभोपळ्याचं नातं. गुरंवाल्यांचं म्हणणं, मेंढरू गवत मुळापासून खातं, मागं काही उरत नाही. डोंगराच्या पलीकडे टेनस्लीपजवळ एप्रिल १९०९ मध्ये रात्री मेंढपाळांच्या गाड्यांवर हल्ला करून तिघांना मारलं. त्या वेळी मात्र आरोपींना शिक्षा झाली, आणि असले हल्ले जवळजवळ थांबले.

माळरान

हितं आमी हुंबऱ्याला जाऊन धनगराला बोलावून आनतो, की बाबा, दोन रात्री मेंढरं बसव माझ्या रानात. लेंडीखतासाठी धान्य देतो, वर पैसं देतो. तिकडं त्याच मेंढरापायी गोळ्या. समदं गवत कुनाचं त्यावर हाय.

तिरसट_काका

माळरान यांचं शेवटचं वाक्य बखरकारांच्या चार परिच्छेदांइतकं आहे. (बखरकार, राग नसावा.)

कानसेन

मी अजून पखवाजाची वाट बघतोय.

उनाडपाय (धागाकर्ता)

सांगतो, सांगतो. कामात अडकलो होतो.

आकड्याचा घोळ झाल्यावर टेबलावर शांतता. मी फोनमध्ये तोंड घातलं. बाबांना यातलं काहीच कळलं नव्हतं, ते मजेत टाळी धरून बसले होते. पण त्यांची टाळी समेवर, आणि बाकी अख्ख्या खोलीची मधल्या मात्रेवर. दोन गाण्यांनंतर ते मला म्हणाले, "हे लोक सगळे खालीवर टाळी का देतायत?" (कानसेन, 'खाली' हा शब्द चुकीचा असेल, शब्द बाबांचा आहे.)

मँडोलिनवाल्या बाई आमच्या टेबलापासून हातभर अंतरावर. त्यांनी गाणं संपल्यावर वाकून बाबांकडे बघितलं, स्वतःचा पाय आपटून दाखवला, मग हात हलवून दाखवला आणि म्हणाल्या, "पाय बासबरोबर, हात माझ्याबरोबर." मी भाषांतर करायच्या आत बाबांना कळलं होतं. पुढच्या गाण्यात पाय बरोबर पडला. हात दोनदा चुकला, मग तोही बसला. आणि मग बाबांना राहवेना. टाळी सोडून त्यांनी टेबलावरच बोटं चालवायला सुरुवात केली. डावा हात पंजानं, उजवा बोटांनी, आवाज अगदी बेतानं, भजनात नवीन बुवा असला की वाजवतात तसा.

आमच्या टेबलावर मध्ये फ्राईजची बशी होती, ती प्रत्येक ठोक्याला थरथरत होती. आजोबांनी न बोलता बशी उचलली, स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि बाबांना जागा करून दिली. तीन गाणी संपेपर्यंत तशीच धरून बसले. मधून मधून एकेक फ्राय खात होते. आमच्याच.

निघताना त्यांनी बाबांशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. माझ्याकडे बघून हॅटला बोट लावलं, तेवढंच.

कानसेन

'खाली' म्हणजे तालाचा बिनटाळीचा भाग, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या चूक. पण बाबांना ऐकू काय आलं ते अगदी बरोबर. त्यांना माझा नमस्कार सांगा.

मिरची_भजी

म्हणजे फ्राईज चांगले होते तर. ठरलं. सासूबाईंना घेऊन जाते. गुरुवार कसा बसवावा तेवढं सांगा कुणीतरी.

डेन्वरची_सून

@मिरची_भजी, डेव्हिल्स टॉवर बुधवारी नका करू, गुरुवारी सकाळी करा. तिथून बफेलो अडीच तासांच्या आत. निघण्याआधी हॉटेलात फोन करून गाणं आहे ना ते विचारून घ्या. वाजवणाऱ्यांच्या गोलातल्या रिकाम्या खुर्चीत बसायचं नाही, ती उशिरा येणाऱ्या वादकाची असते. आणि मोटेल चालत जाता येईल असंच घ्या. प्यायलेलं असो वा नसो, अंधारात त्या रस्त्यांवर हरणं येतात. दुसऱ्या दिवशी १६ नंबरच्या रस्त्यानं डोंगर ओलांडा, खिंड ९,६६६ फुटांवर आहे, जूनमध्येही स्वेटर लागेल.

उनाडपाय (धागाकर्ता)

काल बाबांचा फोन आला होता, त्यांना हा धागा वाचून दाखवला. काजूबोंडच्या मामांचं ऐकून ते गप्प झाले, प्रवासी_पाखरू यांच्या पंचवीस मिनिटांवर चिडले.

मग म्हणाले, परवा देवळात भजनानंतर त्यांनी मंडळींना तो अमेरिकन ठेका वाजवून दाखवला. कुणालाच जमला नाही, सगळ्यांचे हात समेवरच. गोष्टीतल्या आजोबांबद्दल सगळ्यांना फार उत्सुकता. टाळवाले आण्णा तर खोदून खोदून विचारत होते, "तो म्हातारा एवढा रँचवाला, तर त्याच्याकडं गुरं किती?"

मी विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगायचं? आदल्या सांजेला होती तेवढीच."

तिरसट_काका

बाबांचं सदस्यत्व उघडा इथं. आमच्यातले निम्मे वाचनमात्र होतील.